टिपेभोवतीची मोकळी जागा

धाकट्या जावेला या नोकरीला मीच लावलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. "घरात बसून कंटाळते गं ती," असं दीर म्हणाला आणि माझं मन पाघळलं. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी वाफेची यंत्रं बनवते. शस्त्रक्रियेची हत्यारं त्यात घालून निर्जंतुक करतात. ती यंत्रं कशी चालवायची याच्या पुस्तिका आमच्या विभागात लिहितात, आणि माझं निम्मं आयुष्य त्यात गेलंय.

हिने आल्या आल्या सगळ्यांना खिशात घातलं. घरी सासूबाई उठता-बसता तिचं कौतुक करतात, ते मी या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते. पण मी लिहिलेला कागद साहेब "एकदा त्यांनाही दाखवून घ्या" म्हणाले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तिचा हेवा वाटतो. दुसरी कुणी असती तर याला काळजी म्हणाली असती, मला तेवढं नाटक जमत नाही.

त्यात साहेब निवृत्तीला आले. नव्या यंत्राची पुस्तिका ज्या नमुन्याने छापायची, तो नमुना करणारीच्या हाती विभाग द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि भांडण कशावरून पेटलं, तर टीप आणि उदाहरण यांच्या ओळींमध्ये अंतर किती ठेवायचं यावरून.

माझं म्हणणं सरळ होतं. सगळ्या पानाला दीडपट अंतर. पायरी असो, टीप असो, उदाहरण असो, सगळ्यांना सारखी हवा. पान कसं शिस्तीत दिसतं. हिचं भलतंच. पायऱ्या मोकळ्या ठेवायच्या, टीप आणि उदाहरण यांच्या ओळी मात्र जवळ जवळ घ्यायच्या, आणि त्यांच्या वर-खाली कोरी जागा सोडायची.

"टीप काय जावई आहे का, तिला वेगळी खोली द्यायला?" मी भर बैठकीत विचारलं.

सगळे हसले. तीही हसली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"तसं नाही ताई," ती म्हणाली. "माणूस यंत्राकडे बघतो, मग परत कागदाकडे बघतो. त्याला आपली ओळ सापडायला नको का?"

"वाचता येत असेल तर सापडते," मी म्हणाले.

साहेबांनी वाद चाचणीवर सोडला. आमच्याकडे एक रीत आहे. जिचा कागद, तिने मागे उभं राहायचं, तोंड शिवून. दुसरीने तो कागद घेऊन खऱ्या यंत्रावर, खऱ्या वाफेवर काम करायचं, कागदात आहे तेवढंच. लिहिणारी मध्ये बोलली की तिचा कागद बाद. हॉस्पिटलात काही आम्ही यंत्राशेजारी उभ्या राहणार नाही.

आधी माझा कागद तिच्या हातात गेला. यंत्रात पाणी भरायचं होतं. तिने झडप पूर्ण उघडली, टाकीकडे पाहिलं आणि नजर परत कागदावर आणली, ती नेमकी उदाहरणाच्या मधल्या ओळीवर. ते उदाहरण अर्ध्या भरलेल्या टाकीचं होतं. आमची टाकी रिकामी. तिने पुढची पायरी समजून झडप अर्धी बंद केली आणि पाण्याची धार बारीक झाली. ती गोंधळून कागदावर बोट फिरवायला लागली.

मी गप्प राहिले. नियमच होता. पण मनात म्हटलं, नाटकं करतेय, मुद्दाम चुकतेय. मग ठरवलं, असं असेल तर मलाही चुकता येतं.

माझ्या हातात तिचा कागद आला. यंत्रातून हत्यारं बाहेर काढायची होती. एक पायरी झाली, दुसरी झाली, आणि खाली कोऱ्या जागेत ती टीप बसली होती, चार ओळी एकमेकींना बिलगून. दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, आतली वाफ अंगावर येते. चुकवू म्हटलं तरी चुकवता येईना. पानावर दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. काटा शून्याच्या बराच वर होता. नुसता हात टेकवायचा, टीप दिसलीच नाही असं दाखवायचं आणि झटकन मागे घ्यायचा, असा माझा बेत होता. मी झाकणाच्या कडीला हात घातला.

"ताई, हात मागे! काटा बघा, काटा!"

ती नुसती ओरडली नाही. तिने पुढे येऊन माझं मनगट पकडलं आणि मला मागे खेचलं.

साहेबांनी चष्मा काढला. "लिहिणारी बोलली," ते नाइलाजाने म्हणाले. "कागद बाद धरावा लागेल."

म्हणजे मी जिंकले. पण ती चुकत होती तेव्हा मी गप्प उभी होते, आणि माझी वेळ आली तेव्हा ही सगळ्यावर पाणी सोडून ओरडली. बाईसाहेब हरतानासुद्धा माझ्या पुढे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"पण तुम्हाला टीप दिसली नाही का?" साहेब मला विचारत होते. "तेवढं एक नोंदवून घेतो."

नाही म्हटलं असतं, तर विभाग माझा होता.

"दिसली," मी म्हणाले. "पहिल्या नजरेत दिसली."

जाऊ माझं मनगट अजून घट्ट धरून उभी होती.

"मग हात का घातलात, ताई?"

"तुझा कागद पडावा म्हणून."

तिने माझं मनगट सोडलं.