भाड्याच्या टेबलावरचा वायरलेस

मी एक जुना वायरलेस सेट आहे, मित्रांनो. नुसता गाणी ऐकवणारा रेडिओ नव्हे हं! माझ्यापुढे बसून दूरच्या माणसाशी बोलताही यायचं. शनिवार पेठेतल्या श्रीधररावांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं. बुधवार पेठेतून एकेक सुटा भाग आणायचा, रविवारभर तारांना डाग देत बसायचं, बोट भाजलं की फुंकर मारून पुन्हा सुरू! त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणायच्या, "संसार माझ्याशी केलात की या खोक्याशी?"

किल्लारीच्या भूकंपात तिकडचे फोन बंद पडले, तेव्हा कितीतरी घरांची खुशाली माझ्यातून पुण्यात पोचली. अख्खा वाडा मला बघायला लोटला होता. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी भलताच फुशारलो होतो.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, खिशाखिशात मोबाईल आले. अमेरिकेतला भाचा बटणासरशी बोलू लागल्यावर माझी खरखर कोण ऐकणार? शैलाताईंनी मला भरतकामाच्या कापडाखाली ठेवलं. रोज धूळ झटकायच्या बिचाऱ्या, पण सुरू मात्र मला कुणी केलं नाही. अशी वर्षं गेली. मग त्यांच्या मुलाने, तेजसने, आयटीतल्या पगारावर वाकडला फ्लॅट घेतला आणि पेठेतली जागा सोडायची ठरली.

"बाबा, तिकडे खरंच जागा नाहीये हो," तेजस खाली बघत म्हणाला. "कुणा हौशी माणसाला देऊ या ना."

हौशी मंडळींचा जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार एका मंगल कार्यालयात भरायचा. तिथली रीत सरळ होती. बंद माल बाहेर अंगणात, पोत्यावर, जागा फुकट. चालू माल आत, भाड्याच्या टेबलावर, प्लगसकट. श्रीधररावांनी आतलं टेबल घेतलं. त्यांना मला मोडीत जाऊ द्यायचं नव्हतं, बोलणाऱ्याच्याच हाती सोपवायचं होतं. भिंतीवर पाटी होती : 'टेबल वस्तूंसाठी आहे. आपण वस्तू असल्यास खुशाल बसावे.'

दिवसभर लोक मला बघून नुसते हळहळले. संयोजक श्रीनिवास "टेबलं रिकामी करा" म्हणू लागला, तेव्हा कुठे उत्तरेश्वर नावाचे एक प्राध्यापक आले. वाघोलीच्या कॉलेजात शिकवायचे.

"मुलांना यावर बोलायला शिकवीन, काका. एकदा चालू करून दाखवा, की लगेच उचलतो."

वर्षानुवर्षं बंद असलेल्या माझ्यासारख्याला थेट वीज देत नाहीत. वायरीच्या मधे बल्ब जोडतात, म्हणजे वीज सबुरीने आत शिरते. श्रीधररावांनी हे जन्मभर सगळ्यांना शिकवलं होतं. बल्ब पिशवीत होताही.

"अहो, बल्ब?" शैलाताई म्हणाल्या.

"थांब गं, माणूस खोळंबलाय! माझा सेट मला ठाऊक नाही का?"

त्यांनी बटण दाबलं. पोटात काहीतरी फाडकन फुटलं, आणि करपट धूर माझ्या जाळीतून बाहेर आला. मला ओरडायचं होतं, पण आवाज कुठला! उत्तरेश्वर सर निघून गेले.

"काका, हा माल आता बाहेरचा," श्रीनिवास हळूच म्हणाला.

बाहेर भैरू भंगारवाल्याचं पोतं होतं. त्याने मला उलटंपालटं केलं. "आतले काचेचे व्हॉल्व तेवढे खपतील. बाकी तांबं."

"अहो, घरी नेऊ या याला," शैलाताई रडकुंडीला आल्या.

"कुठल्या घरी?" श्रीधरराव म्हणाले. मग ते माझ्यापाशी जमिनीवर बसले. "भैरू, तू ओरबाडशील. स्क्रू मीच काढतो."

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राची नुसती निगा राखू नका, त्याला काम द्या. मला कुणी फेकून दिलं नव्हतं हो. मला फार जपलं होतं.