शंभर फुटांवरची आमरी

वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात वहिनींची तीस वर्षे गेली होती. तेथे एका जुन्या कागदावर आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, एक फूल चिकटवलेले होते. खाली संग्राहकाने लिहिले होते, 'लवंगेसारखा वास. उंच वृक्षावर.' पुढे ते कोणालाच दिसले नाही. आणि आज, रस्त्यासाठी तुटणार असलेल्या अरण्यात, एका महावृक्षाखाली वहिनींना पहाटे तोच लवंगेचा गंध आला होता.

वनाधिकाऱ्यांनी बारापर्यंत मुदत दिली : जिवंत फूल दाखवा, नाहीतर करवती चालतील.

उंच झाडांच्या फांद्या छाटणारी धाकटी नणंद दोर बांधून वर चढली. खिशात कागदावरच्या त्या वाळलेल्या फुलाचे छायाचित्र होते. वर निराळेच विश्व होते : फांद्याफांद्यांवर ओल्या शेवाळाची गादी, धुक्याचे पाणी पिणारी मोकळी मुळे आणि भुंग्यांचा अखंड गुंजारव.

साडेअकराला वॉकीटॉकी खरखरली.

"वहिनी, नाही सापडत. एकूण एक फांदी पिंजून काढली."

"नीट बघ गं. तुला घरात समोरचं मीठ दिसत नाही."

"मीठ तुम्ही साखरेच्या डब्यात ठेवता म्हणून. इथे तपकिरी फूल एकही नाही. पांढरी मात्र ढिगाने आहेत, आणि त्यांच्या वासाने माझं डोकं गरगरतंय."

तीस वर्षे वहिनींनी ते फूल पाहिले होते ते वाळलेलेच; जिवंतपणी त्याला दुसरा रंग असेल, हे नणंदेला सांगायचे त्यांना सुचलेच नव्हते.

"अगं, वाळल्यावर तपकिरी होतं ते. वास कसला येतोय?"

"लवंगेचा. तुम्ही आधी का नाही बोललात? तासभर मी ह्यांनाच बाजूला सारत होते."

शेवाळावर आपोआप गळलेले एक ताजे फूल थैलीतून दोराने खाली उतरले. वनाधिकाऱ्यांनी ते ओंजळीत घेऊन हुंगले, चकित होऊन पुन्हा हुंगले, वर फांदीकडे दुर्बीण रोखली, आणि करवतवाल्यांना म्हणाले, "यंत्रं गाडीत ठेवा. ह्या झाडाला आता कुणी हात लावायचा नाही."

वहिनींनी पदर खोचला आणि वॉकीटॉकी ओठांशी नेला.

"दुसरा दोर सोड. मी वर येतेय."

"वहिनी, आणि तुमचे गुडघे?"

"ते खाली ठेवून येते. तू दोर सोड."