काचेला चिकटलेले चित्र

मित्रांनो, माझ्यात घर, झाड किंवा डोंगर शोधू नका. मी एक जुने छापील चित्र आहे आणि माझ्यात नुसते आकार आहेत. एक मोठा तांबडा तुकडा, त्याला कुशीत घेणारा निळा आणि वरून तिरप्या काळ्या पट्ट्या. आज मी निवांत आहे, म्हणून बोलते आहे. मध्यंतरी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता.

माझा जन्म अमेरिकेतल्या डुलुथ गावी, एल्मा राउटिओ यांच्या तळघरात झाला. एल्माबाई शाळेत चित्रकला शिकवत. शाळा सुटली की लाकडी चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीतून त्या चित्रे छापत. एका वेळी एकच रंग. रबरी पट्टीने तो जाळीवरून ओढायचा, कागद दोरीवर चिमट्याने लटकवायचा आणि वाळला की पुढचा रंग. आम्ही तीसेक भावंडे कपड्यांच्या दोरीवर वाळत होतो. बाईंचे यजमान खाली आले की कुरकुरत.

"एल्मा, माझे मोजे कुठं वाळत घालू? तुझ्या डोक्यावर?"

"घाल की. फक्त ओल्या रंगाला लावू नकोस."

बाईंचे नाव मोठ्या शहरांत कधी गाजले नाही. चर्चच्या विक्रीतून, लग्नाच्या आहेरातून आम्ही भावंडे पांगलो. मला दातांच्या डॉक्टर सालोंनी घेतले. त्यांच्या मेहुण्याने हौसेने चौकट केली आणि काच थेट माझ्या अंगावर बसवली. मध्ये जाड कागदाची पट्टी घालायची असते, हे त्याच्या गावीही नव्हते. मलाही तेव्हा त्याचे काही वाटले नाही. नवी काच मिळाली म्हणून मी खुशीत होते.

दवाखान्यात माझ्याकडे सगळे बघत, कारण दुसरे बघायला काही नव्हते. एक आजोबा गाल धरून म्हणाले, "हे काय आहे ते आज कळलं. ही माझी दाढ आहे." सगळे हसले. मला असली थट्टा आवडायची.

पुढे दवाखान्याला नवा रंग दिला आणि माझी रवानगी सरोवराकाठच्या त्यांच्या झोपडीत झाली. तिथे सौना होती. दर शनिवारी लाकडे पेटवायची, तापलेल्या दगडांवर पाणी मारायचे, वाफेत घाम काढायचा आणि थंडगार सरोवरात उडी घ्यायची, हा त्या घराचा नेम. मला कुठे लावावे यावर नवरा-बायकोची चर्चा झाली.

"बाहेरच्या खोलीत लाव, कपडे काढायच्या," हेल्मी सालो म्हणाली.

"चित्र? तिथं?"

"तिथं तुझ्या वडिलांचा फोटो लावला होतास. पाहुण्या बायका टॉवेल सोडायला लाजायच्या. ह्याला निदान डोळे तरी नाहीत."

तर मित्रांनो, डोळे नाहीत म्हणून मला ती जागा मिळाली. दार उघडले की वाफेचा लोट माझ्यावर येई. ओल काचेच्या आत शिरली, माझा रंग मऊ झाला आणि शनिवारमागून शनिवार मी काचेला चिकटत गेले. कुणाच्या लक्षातही आले नाही. सालो दांपत्य थकले तशी झोपडी बंद पडली. मी अंधारात नुसते वाट पाहत राहिले, आणि ते दिवस फार वाईट होते.

शेवटी झोपडीतले सामान विकायला काढले, तेव्हा रॉय हाकाला नावाचा माणूस आला आणि त्याने मला विकत घेतले. हा गावात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवायचा. लहानपणी एल्माबाईंच्या वर्गात होता आणि चित्रकलेत जेमतेम पास झाला होता. पण निवृत्तीनंतर त्याला बाईंची चित्रे गोळा करण्याचे वेड लागले. एक कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावलेले होते, तेही त्याने सोडवून आणले. त्याची बायको लॉरेन म्हणायची, "जेवणघरात आता भिंत उरली नाही. मला बसायला खुर्ची ठेव म्हणजे झालं."

बाई आता नव्वदी ओलांडून वृद्धाश्रमात होत्या. एका हिवाळ्यात पाण्याचा नळ गोठून फुटला आणि तळघरात ठेवलेली त्यांची सगळी चित्रे भिजून गेली. रॉय मिळेल ते चित्र त्यांना नेऊन दाखवी. दाखवायचे राहिले होते ते मी एकटे, कारण माझ्या छापाची बाकी भावंडे कुठेच सापडली नव्हती. "आण रे लवकर," त्या म्हणाल्या होत्या, "माझे डोळे काही थांबणार नाहीत."

त्याने मला तसेच त्यांच्यासमोर नेले. बाईंना आता अगदी जवळूनच दिसे, तेही पुसट. त्यांनी काचेला नाक लावले.

"रॉय, काचेत मला नुसती खिडकी दिसतेय."

"काच काढून आणतो, बाई."

घरी त्याने मागचे खिळे काढले, कागदाचा कोपरा जरा उचलला आणि बारीकसा फाटल्यासारखा आवाज आला. रॉय जागच्या जागी थांबला. मित्रांनो, तो आवाज माझा होता. ओढले असते तर माझा सगळा रंग काचेवर राहिला असता आणि बाईंच्या हाती कोरा कागद पडला असता.

"ओढू नकोस," लॉरेन म्हणाली. "ओलाव्यानं चिकटलंय ना? मग थंडी खाऊ दे त्याला. गाडीच्या काचेवरचा बर्फ तू काय वाफेनं काढतोस?"

"गाडीच्या काचेवर मी चित्र लावत नाही, लॉरेन."

"म्हणून सांगतेय. सावकाश कर."

जानेवारी होता. त्यांनी मला गारठलेल्या गॅरेजमध्ये ठेवले. कोरड्या थंडीने माझा रंग पुन्हा कडक झाला. मग दोघे स्वेटरवर स्वेटर चढवून बसले आणि दात साफ करायचा दोरा काच व कागद यांच्या मधून करवतीसारखा अलगद ओढू लागले. बोटे बधिर झाली की घरात जाऊन कॉफी प्यायचे आणि परत यायचे. शेवटी मी सुटले आणि माझा जीव भांड्यात पडला. तांबड्याचा एक टवका तेवढा काचेवर राहिला होता. तो पाहून रॉयचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला मांडीवर घेतले. डोळ्यांआधी त्यांचे बोट फिरले. एका रंगावर दुसरा चढतो तिथली बारीक कड त्यांना बोटाला कळत होती. टवक्यापाशी बोट थांबले.

"इथं काय झालं?"

"तिथला तांबडा निघाला, बाई. खूप जपलं, तरी निघाला."

बाई वाकल्या. कितीतरी वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"पिवळा," त्या म्हणाल्या. "सगळ्यात आधी पिवळा छापला होता मी. मग वाटलं, फार ओरडतोय, लोक हसतील. म्हणून सगळा तांबड्याखाली झाकून टाकला. नंतर कायम वाटायचं, थोडा तरी ठेवायला हवा होता."

रॉय पलंगाच्या कडेवर बसला.

"बरं झालं तो तांबडा निघाला," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, चित्र आणि काच यांच्यात जाड कागदाची पट्टी घाला. त्याला ओल आणि ऊन लागू देऊ नका, आणि डोळे नसले तरी सौनेत टांगू नका. आणि ज्याच्या हातचे ते असेल, तो माणूस आहे तोवर एकदा त्याच्या मांडीवर नेऊन ठेवा.