साठ पावलांची जागा

मित्रांनो, मी दोर वळायचा एक जुना चरखा आहे. सध्या कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत, दोन गंजक्या सायकली आणि एका फुटक्या आरशाच्या मध्ये पडून आहे. माझ्या दांड्याला नंबराची चकती बांधली आहे. चोरीच्या वस्तूंना बांधतात तशीच.

मला एका सुताराने घडवले. दोरवाल्याने मला नेऊन आपल्या जागेच्या टोकाला पक्के रोवले. ती जागा साठ पावले लांब आणि जेमतेम चार पावले रुंद होती. दोर वळायला लांबीच लागते. दोरवाल्याची लेक माझी मूठ फिरवी आणि तो कमरेला अंबाडीच्या तंतूंचा वाख गुंडाळून, बोटांतून धागा सोडत, उलटा चालत जाई. येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगे, "आमचा धंदा मागे मागे जाऊनच पुढे जातो!" ट्रकवाले म्हणत, "दोर असावा तर इथला." ते ऐकले की मी आणखी हलका फिरे. अशी बावीस वर्षे गेली.

शेजारी लाकडाची वखार होती. वखारवाल्याला ट्रक आत न्यायला रस्ता हवा होता. दोरवाला ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात होता आणि लेक त्याच्या उशाशी. ते परत आले तेव्हा जागेला तारेचे कुंपण होते आणि मी बाहेर गटाराशी आडवा पडलो होतो.

"जागा माझीच आहे," वखारवाला म्हणाला. "पटत नसेल तर कोर्टात जा."

दोरवाला खरेच गेला. पुढचे सारे मला लेकीच्या तोंडून कळले, कारण समोरच्या शिंप्याने मला आपल्या पडवीत ठेवून घेतले होते आणि ती रोज त्याला येऊन सांगे. त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "मालक कोण, ते नंतर बघू. तुम्ही तिथे बसला होता आणि तुम्हाला जबरदस्तीने काढलं, एवढं दाखवलं तरी पुरे." ते दाखवायला दोन वर्षे लागली. मग हुकूम घेऊन कोर्टाचा बेलीफ आला. त्याने तारा काढवल्या, टेप लावून जागा मोजली आणि ताबा पावतीवर दोरवाल्याची सही घेतली. त्या दिवशी दोरवाल्याने मला पुन्हा जागेवर रोवले आणि स्वतःच्या हाताने तेल दिले.

अकराव्या दिवशी वखारीचा ट्रक आला. चार माणसांनी मला उपटले आणि जागेवर फळ्या रचल्या. माझे दोन आरे मोडले.

पोलीस म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे." वकीलबाईंनी मान खाली घातली. "पावती झाली, म्हणजे तो हुकूम संपला. आता नवा दावा लावावा लागेल."

"तीच जागा, तोच माणूस, तोच मी," दोरवाला म्हणाला. "यात नवं काय आहे, बाई?"

दुसऱ्या दाव्याच्या काळात मी पुन्हा शिंप्याच्या पडवीत होतो आणि तो येऊन माझ्याजवळ नुसता बसे. वाख नसताना बोटे चोळत राही. एका तारखेला कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा लेक उभी राहिली. "बाबा गेले," ती म्हणाली. "मी आहे."

दावा तीही जिंकली. पुन्हा बेलीफ, पुन्हा टेप, पुन्हा सही. शिंप्याने माझे आरे बसवून दिले. तीन आठवडे आम्ही दोर वळला. मग वखारीची माणसे विटा घेऊन आली. लेकीने माझ्या आसाला घट्ट मिठी मारली. त्यांतला एक ओळखीचा हमाल पुटपुटला, "ताई, सोडा. आम्हाला सांगितलंय तेवढं करतो." तिने सोडले नाही. त्यांनी आम्हा दोघांना एकत्रच उचलून रस्त्यावर ठेवले.

संध्याकाळी वखारवाल्याने तक्रार दिली, की तिने माझ्या दांड्याने माणसांना मारले. पोलिसांनी मला जप्त केले. मित्रांनो, माझ्यावर कुणाच्या रक्ताचा थेंब नव्हता. होते ते तिच्या तळहाताचे सालटे.

तो आरोप तीन वर्षे टिकला आणि खोटा ठरायला एक सकाळ पुरली. काल ती मला सोडवायला आली. तिचे केस पिकले आहेत. जागेवर आता वखारीची पक्की शेड आहे, अर्धी दुसऱ्याला विकलेली. तिसरा दावा चालूच आहे.

कारकुनाने कागद पुढे केला. "सुटला तुमचा चरखा. कुठे पोचवायचा? पत्ता सांगा."

तिने पेन घेतले, पण पत्त्याची ओळ कोरीच ठेवली. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, दहा पावलांची.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "इथून तरी त्याला कुणी काढत नाही."

कारकुनाने कागद परत फायलीत ठेवला.

मित्रांनो, वखारवाला एकटा मला कधीच उचलू शकला नसता. दर वेळी चार जणांनी हात लावला. उद्या तुम्हाला कुणी म्हणाले, "जरा हात लावा, एवढे बाहेर ठेवायचे आहे," तर आधी विचारा, हे कुणाचे आहे? आणि तो माणूस कुठे आहे?