माझ्या फळीवरची मुलाखत

मी एक जुनी होडी आहे, मोठागाव ठाकुर्लीच्या खाडीकाठी खुंटाला बांधलेली. मित्रांनो, म्हातारपणी खोटं कशाला बोलू? माझी गोष्ट हेव्याची आहे.

दामाजी कोळ्याच्या बापाने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं, सांध्यांत कापूस ठोकला, वर तेल पाजलं. मी जाळी वाहिली, मासळी वाहिली. पुढे खाडीचं पाणी काळवंडलं, मासळी आटली, आणि दामाजीची लेक मेघाली माझ्यात येऊन बसली. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या नावाच्या मासोळ्या घाण पाण्यात कशा तगतात, हे शोधत तिने माझ्यासोबत पाच वर्षं काढली. तपासायच्या पाण्याच्या बाटल्या भरताना माझ्याशी बोलायची. पीएचडी झाली तेव्हा पहिला पेढा तिने माझ्या टोकावर ठेवला.

मग तो लॅपटॉप आला. पीएचडीनंतर विद्यापीठात जाणत्या संशोधकाकडे दोन-तीन वर्षं काम करायची जागा मिळते, तिला पोस्टडॉक म्हणतात. ती जागा शोधत मेघाली दिवसदिवस त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. देशोदेशीच्या प्राध्यापकांना पत्रं लिहायची. 'जागा भरली' असं उत्तर यायचं, किंवा यायचंच नाही. तिचा चेहरा उतरायचा, आणि मी, सांगायला लाज वाटते, मनातून सुखावायचे. दोन वर्षं मला कुणी तेल लावलं नव्हतं. त्याला मात्र ती रोज मऊ फडक्याने पुसायची.

एका दुपारी जपानच्या विद्यापीठाची मुलाखत ठरली. नेमकी शेजारी हळद, आळीत डीजे.

"बाबा, मला माझाच आवाज ऐकू येत नाय."

"चल गो बाय, खाडीत जाऊ," दामाजी म्हणाला. "तिथे रेंज बी हाय, नि कोन नाचत पन नाय."

तिने त्या लॅपटॉपला माझ्याच फळीवर मांडलं. जीव जळला माझा. सांधा आवळून धरायची मला सवय. त्या दिवशी मी तो ढिला सोडला. पाणी झिरपलं, तिच्या टाचांना लागलं. ती बोलतच राहिली. दामाजी वाकून डब्याने पाणी उपसू लागला. पडद्यावरच्या, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी इंग्रजीत काही विचारलं.

"बाबा, त्या विचारतात, कसला आवाज येतोय."

"सांग, होडी म्हातारी झालेय. रडतेय."

मेघाली हसली. तिने लॅपटॉप उचलून माझा उडालेला रंग, भिजलेला बाप, सगळं त्या बाईंना दाखवलं. बोलणं मला कळलं नाही. पण बोलता बोलता तिचा तळवा माझ्या काठावर टेकला, पाच वर्षं टेकायचा तसाच. मी सांधा आवळला, अंगात होतं तेवढ्या बळाने.

परतताना ती बापाला म्हणाली, "मी सांगितलं, हीच माझी प्रयोगशाळा. दुसरी नव्हतीच ना माझ्याकडे."

जागा मिळाली. निघण्याआधी मेघालीने स्वतःच्या हाताने माझ्या सांध्यांत कापूस भरला, तेल चोळलं. मी धड झाले, मित्रांनो, पण हेवा गेला नाही. आता तो जपानातल्या होडीचा वाटतो. कुणी त्या किनाऱ्याला गेलात, तर तिला माझा निरोप द्या. मेघाली डावीकडे बसते, तोल तू सांभाळ. बाटली भरताना ती फार वाकते, तेव्हा हलू नकोस. आणि सांधा आवळून धर.