मधला पत्रा

रोज सकाळी तुमच्या दारावरून कचऱ्याची गाडी जाते ना, तिच्या पोटात मधोमध उभा असलेला लोखंडी पत्रा तो मी. उभा होतो, असं म्हणायला हवं. हल्ली आडवा आहे. ते कसं झालं हे सांगायला आज तोंड उघडतोय. एरवी माझ्या दोन्ही अंगांना जे काही भरलेलं असायचं, ते पाहता तोंड मिटून घेतलेलंच बरं होतं.

माझा जन्म पालिकेच्या गॅरेजमधला. वेल्डरनं सुतळीनं गाडीच्या पेटीचं माप घेतलं, मला कापलं, माझ्या कडा घासल्या आणि पेटीच्या बरोबर मधे, पुढून मागेपर्यंत, मला उभं करून जोडून टाकलं. मग एका बाजूला हिरवा रंग दिला, दुसऱ्या बाजूला निळा. हिरवी बाजू ओल्या कचऱ्याची, म्हणजे साली, देठं, उष्टं-खरकटं. निळी सुक्याची, म्हणजे कागद, बाटल्या, चिंध्या. ओल्याचं खत होणार होतं, सुकं पुन्हा कामाला येणार होतं आणि कचरा डेपोवरचा ढीग वाढायचा थांबणार होता. "तुझ्यावर गावाची भिस्त आहे बरं का," असं म्हणून वेल्डरनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी नवा होतो. छाती फुगवून उभा राहिलो.

गाडीवर माणसं दोन. ड्रायव्हरला सगळे मास्तर म्हणायचे, कारण दोन शब्दांत होणारी गोष्ट तो दहा वाक्यांत समजावून सांगायचा. आणि डबे उचलून पेटीत रिकामे करणारी मावशी. वय चाळीस, अंग काटक, जीभ तिखट, आणि वडीलधाऱ्यांपासून सगळ्यांची ती मावशीच. आमच्या वाट्याला बाजारातली एक लांबलचक गल्ली आली होती. फुलवाला, शिंपी, न्हावी, छापखाना आणि अगदी टोकाला काकूंची खाणावळ.

कचरा वेगळा करा म्हणून सांगणं सोपं असतं. मावशीनं त्या गल्लीत दोन महिने घसा कोरडा केला. फुलवाल्याला सांगितलं, फुलं ओल्यात आणि बांधायच्या तारा सुक्यात. तो म्हणाला, "मावशी, मी फुलं विकू की तारा सोडवत बसू?" ती म्हणाली, "बांधताना कंटाळा येत नाही, मग सोडवताना कसा येतो?" न्हाव्यानं तर पेचच टाकला. केस ओले की सुके? मावशी पालिकेत विचारायला गेली, तिथं तिघांनी तीन उत्तरं दिली. शेवटी तिनंच निकाल लावला. "गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरलेत, आता माझ्या डोक्याला ताप नको. ओल्यात टाका."

काकूंच्या खाणावळीत मात्र वेगळंच घडलं. आधी त्यांच्याकडे एकच मोठा डबा असायचा, त्यात सगळं जायचं. मावशीच्या सांगण्यावरून त्यांनी दोन केले. आठवडाभरात काकू ओल्या डब्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मावशी, हे सगळं माझ्याच स्वयंपाकघरातलं?"

"नाहीतर काय, वाटेत कोणी भरलं?"

"एवढं शिजवलेलं अन्न मी रोज टाकत होते?"

कागदाखाली आणि पिशव्यांखाली ते इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी शिजवायचं माप कमी केलं. पार्सल न्यायला येणाऱ्यांना घरचा डबा आणायला सांगितलं. दोघं-तिघं रुसले, मग डबे घेऊन आले. तीन महिन्यांत ओला डबा अर्ध्यावर आला. सुका डबा तर काकू धुऊन, पुसून ठेवायच्या. पाहुण्यांना पाणी द्यायचं भांडं ठेवावं, तसा तो दारात ठेवलेला असायचा.

हे सगळं पाहून मला अभिमान वाटायला हवा होता. पण मला जे ठाऊक होतं ते मावशीला ठाऊक नव्हतं.

आमची पद्धत अशी होती की गल्ली संपली, की पाण्याच्या टाकीपाशी मावशी उतरायची. तिचं काम तिथं संपायचं. डेपो तिथून बराच लांब, तिकडे मास्तर एकटाच गाडी न्यायचा. पहिल्याच दिवशी डेपोत एक म्हातारा आमची वाट पाहत उभा होता. खताचे सहा खड्डे त्यानं खणून, आखून, सारवल्यासारखे साफ करून ठेवले होते. मास्तरनं गाडी मागे घेतली आणि दांडा ओढला. पेटी पुढून वर उचलली गेली, मागचं दार उघडलं आणि माझ्या हिरव्या बाजूचं आणि निळ्या बाजूचं सगळं एकदमच घसरत खाली गेलं. एकाच ढिगात.

मागचं दार एकच होतं.

म्हातारा ढिगाभोवती एक फेरी मारून आला. "मास्तर, ओलं कुठंय?"

"हे काय, समोर."

"आणि सुकं?"

"तेही समोरच."

इतकं कमी बोललेला मास्तर मी त्याआधी पाहिला नव्हता. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं ओल्याबरोबर सुकंही कुजायला लागलं. मी दोघांच्या मधे ताठ उभा होतो, पण माझी मागची कड जिथं संपत होती तिथंच माझी सत्ताही संपत होती. सकाळभर दूर ठेवलेलं, खाली पडताना मिसळलं. मला ना हात होते, ना दार धरून ठेवायची सोय.

मास्तरनं पालिकेतल्या साहेबांना सांगितलं. साहेब गॅरेजमध्ये गाड्या बघायला आले होते, तेव्हा माझ्यासमोरच. साहेबांनी गाडीच्या मागणीचा कागद मागवला.

"यात काय लिहिलंय? पेटीत मधोमध पत्रा असावा. पत्रा आहे ना?"

"आहे साहेब. पण दार..."

"दाराचं काही लिहिलेलं नाही."

"तेच तर म्हणतोय. लिहायला हवं होतं."

"हे बघा, गाडी मागणीप्रमाणेच तयार झालीय. आता तक्रार कुणाची करायची?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, कपाळ चोळलं आणि पुढच्या गाडीकडे गेले. मागणी ज्यानं लिहिली तो डेपोत कधी गेलाच नसावा. गाडीत कचरा कसा भरतात एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे असणार. गाडी रिकामीही करावी लागते, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

मास्तरनं हार मानली नाही, हे सांगायलाच हवं. तीन दिवस तो पेटीत चढला आणि म्हाताऱ्याला हाताशी घेऊन फावड्यानं हिरवी बाजू आधी उपसत राहिला. त्या तीन दिवसांत दोन खड्डे भरले. म्हाताऱ्याचा चेहरा नुसता उजळला होता. पण उपसण्यात दुपार व्हायची आणि दुसरी फेरी बुडायची. चौथ्या दिवशी मास्तरच्या हातात नोटीस पडली. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली आणि दांडा ओढला. पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मावशीला त्यानं हे सांगितलं नाही. ती रोज विचारायची, "होतंय ना हो खत?" तो आरशात बघत म्हणायचा, "होतंय की." आणि ती तेच उत्तर गल्लीभर वाटत जायची. मी ते ऐकायचो. माझ्या एका अंगाला साली आणि दुसऱ्या अंगाला कागद असायचे, आणि दोन्हींची मला लाज वाटायची.

वर्ष होत आलं तेव्हा काकूंनी मागणं मागितलं. "एवढं खत होतंय, तर मूठभर आमच्या कुंड्यांना आण की." मावशीनं मास्तरला सांगितलं. मास्तरनं दोन दिवस आजचं उद्यावर ढकललं. तिसऱ्या दिवशी वाटेत एका रोपवाटिकेशी त्यानं गाडी थांबवली, खताची गोणी विकत घेतली, तिच्यावरचा छापील कागद खरवडून काढला आणि सकाळी ती मावशीच्या हवाली केली.

काकूंच्या कुंड्यांत ते खत पडलं, आणि बातमी गल्लीभर झाली. आपल्याच कचऱ्याचं खत. फुलवाल्याला दोन गोण्या हव्या झाल्या. न्हावी म्हणाला, माझ्या केसांनाही आता मान आला. शिंप्याचा तर ओल्याशी काही संबंध नव्हता, तरी त्यानंही एक सांगून ठेवली. मावशीचे पाय जमिनीला लागेनात. ती म्हणाली, "मास्तर, एवढ्या गोण्या तुम्ही एकटे कशाला उचलता? आज मीच येते डेपोत. खड्डेही बघते."

"आज नको. आज चिखल आहे."

"चिखल आहे? आणि मी रोज कशात हात घालते म्हणायचं?"

टाकीपाशी ती उतरली नाही.

डेपोत मास्तरनं गाडी उभी केली आणि दांड्यावर नुसता हात ठेवून बसला. मग त्यानं तो ओढला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मावशी खाली उभी राहून बघत होती. पेटी उचलली गेली, दार उघडलं आणि सगळं एकत्र खाली आलं. काकूंनी धुतलेल्या बाटल्या खरकट्यात लोळत गेल्या. खड्ड्यांत गुडघाभर तण माजलं होतं.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली, एक बाटली उचलली, पदरानं पुसली आणि मग ती कुठं ठेवायची ते तिला कळेना.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग ती गोणी?"

मास्तरनं दांडा ढकलून पेटी खाली घेतली.

"मला आधीच का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं, मावशी? गल्लीतल्या एकेका दुकानासमोर तुम्ही ज्या भरवशानं उभ्या राहायचात, ते बघून जीभच उचलली जायची नाही."

"भरवसा माझा होता. शब्द माझा गेला," ती म्हणाली.

पण मावशी गप्प बसणारी नव्हे. गल्लीतल्या लोकांच्या सह्या घ्यायच्या तर त्यांना खरं सांगावं लागलं असतं. ते तिच्यानं होईना. म्हणून अर्ज दोघांचाच गेला. मास्तरनं गाडीच्या पुढच्या भागावर कागद ठेवून तो लिहिला आणि सवयीप्रमाणे लांबवला. गाडीला दोन दारं असावीत, हे पहिल्या पानावर. आणि दुसऱ्या पानावर शेवटी, मुद्दा पक्का व्हावा म्हणून, "सध्या मधल्या पत्र्याचा काहीएक उपयोग होत नाही." मावशीनं वाचून घेतलं, मान डोलावली आणि सही केली. माझ्याबद्दलचं ते वाक्य ऐकून मला वाईट वाटलं नाही. खरंच होतं ते.

महिन्याभरानं आदेश आला. वेल्डरनं तो गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. कर्मचाऱ्यांच्या अर्जावर तातडीनं विचार करण्यात आला आहे. मधल्या पत्र्याचा उपयोग होत नसल्यानं तो काढून टाकावा. गाडीत जागाही वाढेल.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ते असं. मास्तरनं वेल्डरच्या हातातून कागद घेऊन उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. मावशी म्हणाली, "आपणच लिहून दिलं की हो." ज्या वेल्डरनं मला उभं केलं होतं, त्यानंच मला कापून बाहेर काढलं. या खेपेला त्यानं पाठीवर थाप मारली नाही.

मोडीत जायचो, पण खाणावळीसमोरच्या गटाराचं झाकण फुटलं होतं. मास्तरनं शब्द टाकला आणि मला तिथं आणून आडवं घातलं. हिरवी बाजू वर, निळी खाली गटाराकडे. आता काकूंची गिऱ्हाइकं माझ्यावरून आत जातात. गाडी रोज माझ्यासमोरच थांबते.

परवा मावशी माझ्यावर उभी राहिली आणि मनाचा हिय्या करून बोलली. "काकू, उद्यापासून एकाच डब्यात टाकलंत तरी चालेल."

काकूंचा हात तिथंच थांबला. "का गं? माझं काही चुकलं का?"

"नाही हो."

"सोमवारी लिंबाची साल सुक्यात गेली होती, मला मागाहून आठवलं. तीच का? त्यानं तुमचं खत बिघडलं का?"

मावशी डबे उचलून गाडीकडे वळली. मास्तर गाडीत समोर बघत बसला होता.

"आता नाही हो चुकणार," काकू म्हणाल्या. "दोन डबे राहू देत. मी स्वतः बघत जाईन."

तेव्हापासून त्या स्वतः बघतात. सकाळी माझ्यावर दोन्ही डबे ठेवून, चष्मा लावून, एकेक वस्तू उचलून पारखतात. मग मावशी येते, दोन्ही डबे घेते, काकूंकडे पाठ करते आणि एकामागून एक, एकाच पेटीत रिकामे करते. डबे परत देताना ती काकूंकडे बघत नाही. काकूंना वाटतं, अजून राग गेलेला नाही.

जे कुणी गाड्या मागवतात, दुकानं चालवतात, कागद लिहितात, त्यांना मी काय सांगणार? गंजत चाललेला पत्रा मी. फार तर इतकंच म्हणेन, की काही मागवण्याआधी एकदा त्या गाडीत बसून शेवटपर्यंत जाऊन या. पण हे राहिलं तरी राहू द्या. तुमच्यापैकी कुणी या गल्लीत आलात, तर माझ्यावर पाय देऊन आत जा आणि काकूंना सांगा, की त्यांचं काही चुकलेलं नाही. मला ते सांगता येत नाही.