हिला रंग नको

पळसदेवच्या शाळेच्या भिंतीवर पडदा ताणला होता. लीलाबाईंना मुळात यायचंच नव्हतं, पण नात प्राची ऐकेना. त्यांच्या तरुणपणी उजनीच्या पाण्याकाठी शूटिंग झालेला पिक्चर आता मोबाइलच्या ॲपवर आला होता. गावातली माणसं त्यात आफ्रिकेतले जंगली लोक होऊन नाचली होती, म्हणून आज सगळं गाव जमलं होतं.

पिक्चरआधी पडद्यावर पाटी आली. यात काळ्या माणसांचं चित्रण चुकीचं आणि अपमानास्पद आहे, तेव्हाही ते चूकच होतं, असं तिच्यावर लिहिलं होतं.

कुंडलिकतात्या ताडकन उठले. त्या नाचात ते सगळ्यांत पुढं होते.

"बंद कर! आमी कुणाचा अपमान केला? गावाची बदनामी हाय ही!"

"तात्या, तुमच्यावर नाही हो ते," प्राची म्हणाली. "पिक्चर काढणाऱ्यांवर आहे."

कोण ऐकतंय! उपसरपंच सुयोगनं ग्रामसभेत निषेधाचा ठराव करायचं ठरवून टाकलं. कुणी म्हणालं, पाटीच काढायला लावू. कुणी म्हणालं, आफ्रिकेतलं कोण हितं बघायला येतंय. प्राचीनं मोबाइलवरून थांबवलेला पिक्चर तसाच राहिला.

लीलाबाईंचं डोकं उठलं. शूटिंगच्या वेळी त्या नव्या नवरी होत्या. मेकअपवाला रांगेतल्या एकेकाला तेलात कालवलेली काजळी फासत होता. लीलाबाईंपाशी आल्यावर त्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "हिला रंग नको. ही तयारच आहे." सगळी रांग हसली. नवराही हसला. शूटिंग संपल्यावर बाकीच्यांनी रॉकेलनं घासून रंग काढला. लीलाबाईंचं नाव मात्र 'हबशीण' पडलं. कुंडलिकतात्यांनीच पाडलं होतं ते. पुढं लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा विचारलं होतं, "पोरगी आईवर न्हाय ना गेली?"

"तात्या, खाली बसा," लीलाबाई म्हणाल्या.

कुणाचं लक्ष गेलं नाही.

"बसा म्हणते न्हवं!"

गलका थांबला.

"मला हबशीण म्हणून हाका मारल्या, तवा कुणी ठराव केला न्हाय. आज कुणीतरी चूक झाली म्हणलं, तर तेबी पुसायला निघालाय!"

"वयनी, चेष्टा होती ती," तात्या पुटपुटले.

"व्हय, चेष्टाच. म्हणून तर मी इतकी वर्सं हसत बसले. प्राची, पाटी परत लाव. तात्या, तुमी वाचा. मोठ्यानं. मला वाचता येत न्हाय."

तात्यांनी चष्मा लावला. 'अपमानास्पद'वर ते अडखळले, पुन्हा वाचलं. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर ते लीलाबाईंकडं बघत उभे राहिले, मग खाली बसले.

"मग ठरावाचं काय?" सुयोगनं विचारलं.

"घाला चुलीत!" म्हणत लीलाबाई चपला शोधायला लागल्या.

"आजी, पिक्चर?"

"तू बघ. मला न्हाय बघायचा."

त्या घराकडं निघाल्या तेव्हा मागं नाचाचे ढोल सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी मासळीवालीच्या टोपलीपाशी कुंडलिकतात्या भेटले. जरा घुटमळून म्हणाले, "लीलावयनी, राग गेला का?"

"न्हाय," लीलाबाई म्हणाल्या आणि चिलापी निवडायला लागल्या.